नाव घालून मिळेल

काल भर दुपारी, दुकानात चिटपाखरू नसताना, एक काका घाम पुसत आले आणि काउंटरवर स्टीलचा डबा आपटला. डबा आमचा नव्हता. मोबाइलवरून मागवलेला, तळाचं स्टिकर अर्धं खरवडलेलं.

"नाव घालून द्या."

ठाण्यात जांभळी नाक्याजवळ आमचं भांड्यांचं दुकान. आजोबा छिन्नी-हातोडीने टिंब टिंब पाडत नाव घालायचे, मी मशीनने घालतो. पाटीवर 'नाव फुकट घालून मिळेल' असं आहे. भांडं आमच्याकडून घेतलंत तर, हे लिहायचं आजोबांना सुचलं नाही. त्यांच्या काळी दुसरीकडून भांडं घेऊन इथे यायची माणसाला लाज वाटायची.

"पन्नास रुपये होतील."

"कासारवडवलीहून दीड तास घालवून आलोय हो!"

१८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी आली, पण कासारवडवलीहून जांभळी नाक्याला यायचे हाल संपले नाहीत. त्याचा दंड मी का भरायचा?

गादीवरून पेपराआडून बाबा म्हणाले, "घाल रे. नाव घालायला काय जातं?"

मनगट जातं. माझं.

मजकूर निघाला लग्नपत्रिकेएवढा. 'मामा-' इथवर आलो तोच काकांनी घरी फोन लावला. "अगं, सप्रेम की सस्नेह?" पलीकडून आवाज आला, "आधी माझं नाव! डबा मी शोधला."

"मामी आधी घ्या," काका म्हणाले.

"मामा घालून झाला."

"मग खोडा."

"काका, स्टील आहे. पाटी-पेन्सिल नव्हे."

काकांनी डबा फिरवून पाहिला. "असं करा, मामीच्या पुढे परत एक मामा घाला."

आता त्या डब्यावर 'मामा-मामी-मामांकडून सप्रेम भेट' असं आहे. सासरकडचे काय अर्थ काढतील तो काढोत.

वर ऐकवलं, "तुमच्या आजोबांचं अक्षर मोत्यासारखं होतं. आणि आता जीएसटीही बारावरून पाचावर आलाय, मजा आहे तुमची." अहो, पाच टक्के विकलेल्या मालावर असतात! माणसं येतात, कुकर वाजवून बघतात, झाकणाचा फोटो काढतात आणि 'ह्यांना विचारून येते' म्हणून जातात. ते 'हे' तीन वर्षांत काही बोललेले नाहीत. गास्केट बदलायला मात्र तोच कुकर बरोबर आमच्याकडे येतो.

काका पायरीवरून परत वळले.

"एक पिशवी द्या ना. तुमच्या दुकानाचं नाव असलेली. ठाण्यातून, चांगल्या दुकानातून घेतलाय असं वाटायला हवं."

मी तोंड उघडायच्या आत बाबांनी दिली. बंदवाली, जाड.