‘इग्झल्ट’ आणि शब्दकोश उघडायचे कष्ट

‘इग्झल्ट’ (exult) या इंग्रजी शब्दावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहिलं असतं तर भलतंच काही लिहून गेलो असतो, म्हणून थांबलो. तुमचं म्हणणं असं: ‘इग्झल्ट’ म्हणजे ‘रिजॉइस’, आनंद होणे, विषय संपला, मी उगाच शब्दाला फाटे फोडले, आणि ‘लिहिण्याआधी शब्दकोश उघडायचे कष्ट घ्यावेत.’

एक चूक मान्य. लेखात एके ठिकाणी ‘एक्झल्ट’ पडलं होतं. उच्चार ‘इग्झल्ट’ असा आहे. दुरुस्त केलं, आभार.

पण ते शब्दकोशाचं वाक्य मला लागलं. मतभेद जरूर असावा. समोरच्याने काय वाचलंय याची विचारपूस न करता त्याला असं सुनवायचं, ही कुठली रीत? बावीस वर्षं भाषांतरावर माझं घर चालतंय. टेबलावरच्या कोशाची पाठ मी दोनदा चिकटवलीय, ‘ई’ची पानं तरीही सुटून येतात. कष्टांबद्दल तुम्ही मला सांगू नये.

त्याच पानांवर या शब्दाचं मूळ दिलंय: लॅटिन ‘एक्ससुल्तारे’, म्हणजे उसळून उड्या मारणे. त्याच्या पोटात ‘सालिरे’ आहे, उडी घेणे. ‘इन्सल्ट’ही याच घरातला, मुळात अंगावर झेप घेणे. (‘इग्झॉल्ट’ मात्र वेगळा. तो ‘आल्तुस’वरून, म्हणजे उंच, उंचावणे, गौरवणे.) ‘रिजॉइस’मध्ये ही उडी नाही. शांत बसूनही रिजॉइस करता येतं. इग्झल्ट करणारा माणूस आतून उसळलेला असतो, आणि बहुतेकदा काहीतरी जिंकलेला. आपल्या ‘हर्षा’तही अंगावर रोमांच उठणं आहेच की!

हे मी पुस्तकातून नाही, मार खाऊन शिकलो. सुरुवातीच्या काळात एका कथेत एक माणूस प्रतिस्पर्ध्याच्या पराभवावर ‘इग्झल्टेड ओव्हर’ असं होतं. मी लिहिलं, ‘त्याला आनंद झाला.’ पान परत आलं. समासात पेन्सिलीने लिहिलेलं: ‘हा शत्रूच्या छातीवर नाचतोय, तुमच्या मराठीत नुसता हसतोय.’ मग तिथे ‘त्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या’ आलं, आणि तो माणूस दिसायला लागला. याला तुम्ही फाटे फोडणं म्हणता?

‘इग्झल्ट’च्या पुढे ‘इन’ येतं की ‘ॲट’, हा तुमचा मुद्दा किरकोळ आहे, दोन्ही चालतात. बोलण्यात हा शब्द कमी येतो, हेही खरं, पण मी बोलण्याबद्दल लिहिलंच नव्हतं. छापील मजकुरात तो थेट संवादालाही जोडून येतो: ‘जिंकलो!’ आणि पुढे ‘ही इग्झल्टेड’ (he exulted). तिथे ‘असं म्हणून तो आनंदला’ एवढंच लिहून बघा, आणि मग मला कळवा.