रॅपर व्हा, आजीला समजावत बसू नका

अभिनंदन! मुंबईला न जाता आणि बागेत फवारणी न करता नाव काढायचा मार्ग तुम्हाला सापडला. आता नुसते रॅपर होऊन थांबू नका. निर्माते व्हा, दिग्दर्शकही व्हा. नाहीतर श्रेयनामावलीत बाकीच्या ओळींपुढे कोणाची नावं टाकणार? आजीने 'रॅप' ऐकून रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मासेमारीचं जाळं, असं समजून घेतलंय आणि शेजारीपाजारी "नातू रापणीक जाता" असं सांगत सुटली आहे, तर सुटू दे.

रॅपमध्ये बीट बनवणाऱ्यालाही प्रोड्युसर म्हणतात आणि पैसे घालणाऱ्यालाही. तुम्ही दोन्ही. म्हणजे बीट तुमची, पैसे बाबांचे. वाशीच्या बाजारातून आंब्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, आली की त्याच संध्याकाळी विषय काढा. सकाळी त्यांना खताची उधारी आठवते.

स्टुडिओ माळ्यावर. भिंतींना गोधड्या टांगा. जून लागला की कौलांवर असा पाऊस वाजतो की वेगळा हाय-हॅट, म्हणजे ड्रमची झांज, लागत नाही. बेस मात्र रोलंड कंपनीने १९८० साली काढलेल्या ८०८ या ड्रमच्या यंत्राचाच हवा. त्याचा मूळ सूर इतका खालचा की मोबाइलच्या स्पीकरमधून तो धड बाहेरच पडत नाही, आणि गाव तर मोबाइलवरच ऐकतं. जाणकार त्यात मुद्दाम थोडी घरघर मिसळतात; त्यातून वरचे सूर तयार होतात आणि छोट्या स्पीकरवरही बेसचा भास होतो. तुम्ही त्या फंदात पडू नका. 'हेडफोन लावूनच ऐका' असं खाली लिहून मोकळे व्हा.

बोलांत गल्ली हवी. आपल्याकडे पाणंद आहे, तिला गल्ली म्हणा. शत्रूही हवेत. सामायिक सातबाऱ्यावरचे चुलते चालतील, पण नाव घेऊ नका, गणपतीत एकाच आरतीला उभं राहायचं असतं. आणि डबलबारीच्या, म्हणजे भजनाच्या सामन्यातल्या, बुवांपासून चार हात लांब राहा. ते समोरच्याला पखवाजावर, जागच्या जागी शब्द जुळवून गप्प करतात. तुम्हाला मोबाइल बघून म्हणावं लागतं.

जाहिरातींचे पैसे? यूट्यूबवर १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास. तीन मिनिटांचं गाणं अख्खं ८०,००० वेळा ऐकलं गेलं की झालं. आजी दिवसातून चारदा लावते, बाकीचं बघा.

उरलं दिग्दर्शन. पहाटे देवबागचा किनारा गाठा. स्लो मोशनमध्ये ओठ जुळायचे तर गाणं दुप्पट वेगाने लावायचं, त्याच वेगाने तोंड हलवायचं, सेकंदाला ५० फ्रेम घ्यायच्या आणि नंतर २५ वर आणायच्या. पडद्यावर लाटा संथ, तुम्ही संथ, शब्द बरोब्बर जागेवर. किनाऱ्यावर मात्र स्पीकरमधून चिमणी चिवचिवते आणि तुम्ही काळा चष्मा लावून अंगात आल्यासारखे हात उडवत असता. रापणीचे दोर ओढणारे वीसेक जण थांबून बघतात. त्यातला एक म्हातारा काळजीने विचारतो, "ह्येका खंय दाखवलात काय रे?"

दुसऱ्या टेकला कॅमेरामन, म्हणजे तुमचा मावसभाऊ, जागेवर नसतो. जाळं जड लागलंय, तो दोराला गेलाय. मग तुम्हालाही हाक येते, "नाचतस कित्या, दोर ओढ!"

ओढा. दोराला हात लावणाऱ्याला रापणीत वाटा मिळतो. पिशवीत सात बांगडे पडतात, चष्म्यावर वाळू.

घरी आजी विळीवर बांगडे घेऊन बसते. "आज रापण बरी लागली मां?"

हो म्हणा.