पाढे आधी की वाडा आधी? काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली आणि उत्तर लिहिता लिहिता एवढं लांबलं की वेगळी पोस्टच करतेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आर्किटेक्चर आणि त्याचा इतिहास समजून घ्यायला कुठल्या पुस्तकांपासून सुरुवात करावी या माझ्या पोस्टवर काका म्हणाले की बॅनिस्टर फ्लेचरचा जाडजूड इतिहास मागे ठेवून आधी इमारती अनुभवायच्या कशा हे सांगणारा रासमुसेन आणि चित्रांतून समजावणारा चिंग वाचायला सांगणं म्हणजे पाढे न शिकवता गणित शिकवणं, आणि वर यादीत आपल्या देशावरचं एकही पुस्तक नाही.

दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. बडोद्यात बसून लिहायचं आणि जवळचं चांपानेर, म्हणजे गुजरातच्या सुलतानांची जुनी राजधानी, कळेल असं एक पुस्तक सुचवायचं नाही, हे चुकलंच माझं. पर्सी ब्राऊनच्या भारतीय वास्तुकलेवरच्या पुस्तकाचे दोन्ही खंड आजच यादीत टाकले. फक्त त्याने एक खंड बौद्ध-हिंदू आणि दुसरा इस्लामी असा केलाय, त्यामुळे चांपानेरची जामी मशीद दुसऱ्यात जाते आणि तिथले खांब नि झरोके घडवणाऱ्या इथल्या सलाटांची, म्हणजे दगड घडवणाऱ्या कारागिरांची, जुनी परंपरा पहिल्यात राहते, म्हणून दोन्ही शेजारी उघडे ठेवूनच वाचा.

फ्लेचरचं मात्र मला अजून पटत नाही. पुस्तक १८९६ चं, आपल्या बडोद्याची न्यायमंदिर ही कोर्टाची इमारतही त्याच साली झाली. १९०१ च्या आवृत्तीत भारत, चीन, जपान, इस्लामी इमारती या सगळ्यांना 'अनैतिहासिक शैली' म्हणून वेगळं काढलं, आणि फ्लेचरच्या पुस्तकातलं ते वास्तुशैलींच्या झाडाचं प्रसिद्ध चित्र आठवा, आपल्या फांद्या खालीच संपतात आणि युरोपचं खोड वर वर जातं. आता मँट या वास्तुविशारदाने सुरू केलेला आणि चिझम या दुसऱ्याने १८९० मध्ये पुरा केलेला बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा त्या झाडावर कुठे बसवायचा? घुमट नि झरोके इथले, दरबार हॉलची मोझेक जमीन व्हेनिसच्या पद्धतीची, खिडक्यांच्या रंगीत काचा बेल्जियमच्या! नवशिक्या पोराने हे झाड पहिल्याच दिवशी डोक्यात भरून घेतलं तर त्याला स्वतःचं गाव दिसायचंच बंद होईल, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

रासमुसेन आधी का, तर तो सुरुवातीलाच रोममध्ये चर्चच्या मागच्या भिंतीवर बॉल खेळणारी मुलं दाखवतो, खेळता खेळता त्यांना त्या भिंतीची गोलाई कळलेली असते. हे वाचलं आणि मला बडोद्याच्या रावपुऱ्यातला आजोळचा वाडा आठवला. तिथे आम्ही खांब-खांबोळी खेळायचो, एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत पळायला पावलं तेवढीच लागायची, कुठल्याही बाजूला पळा. आजोबा म्हणायचे, हा एक खण, आणि खण केवढा हे सागवानाची तुळई किती लांब मिळते त्यावर ठरतं. प्रत्येक खांबाखाली दगडी उथळं, म्हणजे बैठक, जमिनीची ओल लाकडात चढू नये म्हणून. खोल्यासुद्धा फुटात नाही, खणात मोजायचे, दोन खणी, तीन खणी. हे माहीत असलं की चिंगच्या पुस्तकातली खांब-तुळईची चित्रं वाचावीही लागत नाहीत, नुसती बघितली की कळतात. मग फ्लेचर उघडा. ग्रीक देवळांचे खांब एवढे जवळजवळ का हे तुम्हाला कोणी सांगायची गरज नाही, कारण दगडाची तुळई लाकडासारखी वाकत नाही, लांब टाकली की खालच्या अंगाने ताण येऊन तडकते. तिथून पुढे सनावळी पाठ करायला माझी काही हरकत नाही, उलट ती तेव्हाच लक्षात राहते.

म्हणजे पाढे हवेतच काका, पण माझ्या मते पाढे म्हणजे खण.

तुमच्याकडचा फ्लेचर कितव्या आवृत्तीचा आहे? ते झाड नंतरच्या आवृत्त्यांमधून काढून टाकलं, तुमच्या प्रतीत असेल तर त्या पानाचा एक फोटो टाकाल का, मूळ पोस्टमध्ये लावते.