चालते ना भाऊ, म्हणे!

ज्यानं माझ्या जुन्या पद्मिनी गाडीची वायरिंग केली ना, तो एकदा नागपुरात बर्डीवर भेटला पाहिजे. मारणार नाही. तर्री-पोहे खाऊ घालीन अन् विचारीन, बाप्पा, लाल सोडून तुला दुसरा रंग दिसत नव्हता का?

मे महिन्यातली दुपार. कूलर घरात, मी पोर्चमध्ये, डोकं डॅशबोर्डखाली अन् पाय सीटच्या पाठीवर. हा तिसरा रविवार. वर पाहतो तर हेडलाइटची वायर लाल, हॉर्नची लाल, वायपरची लाल. करंट पत्र्यातून परत नेणारी अर्थिंगची, तीही लाल! अर्थिंग! कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा सर्किटागणिक वेगळा रंग होता. त्यातली आता वीतभर उरली आहे, तीही टेपच्या गोळ्यात.

अन् ती टेप! 2013 च्या मे महिन्यात या शहराचा पारा 47.9 वर गेला होता. इथल्या उन्हात बंद गाडीत तिचा गोंद टिकेल कसा? काळा चिकटा होतो, टेप सरकते, आतला पीळ उघडा पडतो. हो, पीळच. सोल्डर नाही, टोकावर दाबून बसवलेलं टर्मिनल नाही. दातानं सोलली अन् पिळली. एका वायरीवर तर दाताचे ठसे अजून आहेत, दाखवू का?

बरं, वायर तरी गाडीची असावी? घराच्या फिटिंगची, आत एकच जाड तार. गाडी हादरते, तार आतून तुटते, वरचं प्लास्टिक धडधाकट. बसा शोधत. त्यावर या वायरिंगवाल्या साहेबांनी हेडलाइटला लावले 100/90 वॉटचे बल्ब, लांबच्या झोताला शंभर, जवळच्याला नव्वद. शंभराला बॅटरीच्या बारा व्होल्टनं भागा, एका बल्बला आठ अँपिअरच्या वर, दोन्ही मिळून सोळा-सतरा. मोठा करंट स्विचऐवजी स्वतःवर घेणारा रिले नाही, सगळा करंट स्विचमधून. आठ अँपिअरचा फ्यूज उडणारच ना! तर त्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली. आता फ्यूज उडत नाही. स्विच वितळतो.

इंडिकेटरची कहाणी तर ऐकाच. उजवीकडचा दिला की त्याच बाजूचा पार्किंग लाइट लुकलुकायचा. तीन इलेक्ट्रिशियननी इंडिकेटर लुकलुकवणारे फ्लॅशर तीनदा बदलले, तीनदा पैसे घेतले. तिघांचंही एकच, "चालते ना भाऊ!" शेवटी मीच दिवा खोलला. अर्थिंगची रिंग रंगावर आवळलेली, पत्र्याला टेकलेलीच नाही. करंटला परतायला वाट नाही, म्हणून तो शेजारच्या बल्बातून शिरून राहिला. काचपेपर घासला, पत्रा चमकला, रिंग आवळली. दोन मिनिटं. अन् तिघांपैकी एकालाही तो स्क्रू फिरवावासा वाटला नाही!

काल वायर आणायला इतवारीत गेलो. मोटारीची, बारीक तारांची, सहा रंगांत, असं कागदावर लिहून नेलं होतं. काउंटरवरच्या पोट्ट्यानं कागद वाचला, मागं वळला अन् लाल बंडल माझ्यासमोर आदळलं.

"बाकीचे रंग?"

"करंटले रंग समजते का भाऊ?"

पोहे बहुतेक यालाच खाऊ घालावे लागतात.