'रबरी पैलवान' म्हणणाऱ्या वाचकांना

नमस्कार. तुम्ही लिहिलंय, "तुमचा पैलवान रबरी वाटतो, कोल्हापूरच्या कुस्तीची थट्टा केलीय, आधी एकदा तालमीत जाऊन या." सोबत मी कॉम्प्युटरवर केलेल्या कुस्तीच्या अ‍ॅनिमेशन क्लिपमधल्या धोबीपछाडाचा स्क्रीनशॉट. त्यात खांद्यावरून जाणाऱ्या गड्याची कंबर हातभर लांबलीय.

शड्डूचा आवाज मांडीवर हात पडल्यानंतर येतो, हे तुमचं बरोबर. तीन फ्रेमचा (फ्रेम म्हणजे क्लिपमधलं एकेक स्थिर चित्र) फरक आहे, दुरुस्त करतो.

पण तालमीत जाऊन या, हे कुणाला सांगताय? माझं बालपण कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत गेलं. आजोबांचं बोट धरून पहाटे तालमीत जायचो, लाल मातीत ताक-तेल कालवताना बघत बसायचो. खासबागेच्या कुस्ती मैदानात हलगी टिपेला गेल्यावर पोटात काय होतं ते मला ठाऊक आहे. चूक दाखवा, हजारदा दाखवा. ही बोलायची रीत नव्हे.

आता रबर. क्लिप सेकंदाला २४ फ्रेमची आहे. कंबर ताणलीय फक्त २ फ्रेम, म्हणजे सेकंदाचा बारावा भाग. तुम्हाला ती दिसली कारण तुम्ही क्लिप थांबवलीत! चालू क्लिपमध्ये लांबी दिसत नाही, ओढ जाणवते. लांब करताना कंबर बारीकही केलीय, नाहीतर गडी फुगल्यासारखा दिसतो.

कॉम्प्युटरमधल्या पैलवानाला वजनच नसतं. दोन पोझ दिल्या की मधल्या फ्रेम मशीन गुळगुळीत भरून टाकतं आणि शंभर किलोचा गडी पिसासारखा उचलला जातो. म्हणून डाव टाकण्याआधी गुडघे जरा जास्तच वाकवायचे, टाच मातीत रुतवायची, आपटल्यावर अंग क्षणभर चपटं करायचं. पहिल्या नोकरीत मी खऱ्या कुस्तीचा व्हिडिओ फ्रेमन् फ्रेम उतरवला होता. पंधरा दिवस घातले. पडद्यावर दोघं रंकाळ्यात बुडी मारून झोंबतायत असं दिसलं. डिस्नेचे अ‍ॅनिमेटर फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली अ‍ॅनिमेशनची १२ तत्त्वं मांडली, त्यात अतिशयोक्ती आहे. ती माझी लहर नव्हे.

मोशन कॅप्चर (खऱ्या माणसाच्या हालचाली टिपून पात्राला देणं) का नाही वापरलं, लंगोटाचा रंग, वगैरे मुद्द्यांत शिरत नाही.

'थट्टा' हा शब्द मात्र मागे घ्या. त्या पैलवानाची उभं राहायची ढब माझ्या आजोबांची आहे. शड्डू नीट करून क्लिप उद्या परत टाकतो. कंबरेच्या त्या दोन फ्रेमना हात लावणार नाही.