कांदा कोण सोलणार?

थंडी पडली की माझ्या फीडवर तंबूंच्या जाहिराती सुरू होतात. पाण्याकाठी रंगीत तंबू, दिव्यांच्या माळा, अनलिमिटेड बार्बेक्यू, लाइव्ह म्युझिक. अशा एका धरणाकाठच्या कॅम्पवर मी जाऊन आले आहे. सोय चोख होती. शेकोटी पेटवून दिली, पनीर भाजून हातात दिलं, गाद्या घालून ठेवलेल्या. आणि साडेनऊला आमचा सगळा ग्रुप आपापल्या मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता, कारण करायला कामच नव्हतं!

माझं सरळ मत आहे: उघड्यावरच्या मुक्कामाची मजा म्हणजे कामाची मजा. लाकूडफाटा कोण आणणार, पाणी कुठून भरायचं, टॉर्च कोण धरणार, कांदा कोण सोलणार. यातलं काहीच नसेल तर ते हॉटेल झालं, फक्त भिंती कापडाच्या.

आता तुम्ही म्हणाल, रोज घरी हेच करतेस, कंटाळत नाहीस का? घरी कंटाळतेच. पण घरी हे काम बंद दाराआड, एकटीच्या वाट्याला येतं. शेकोटीभोवती तेच काम सगळ्यांसमोर होतं, त्यामुळे कुणाला अंग चोरता येत नाही. स्वयंपाकघरात मिठाची बरणी कुठे असते हे ज्याला ठाऊक नाही, तो गडी निखाऱ्यापाशी बसून बटाटा अजून एकदा उलटायचा की नाही यावर वाद घालतो. घालू दे. मी तेवढा वेळ पाय शेकत बसते.

माझं माहेर सोलापूरकडचं, सासर अलिबागजवळचं. त्यामुळे मला थंडीचे दोन सण मिळाले: माहेरी हुरडा, सासरी पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा. दोन्ही मुळात शेतावरचेच.

हुरड्याची आगटी म्हणजे जमिनीत छोटासा खड्डा आणि त्यात गोवऱ्यांचा विस्तव. ज्वारीचं कणीस दाणा भरलेलं पण अजून कोवळं, दुधाळ लागतं. सुरती किंवा गुळभेंडी असेल तर उत्तमच. कणीस भाजून गरम असतानाच हातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा, मग शेंगदाण्याची नाहीतर लसणाची चटणी, गूळ आणि दही. यात चोळणारा सगळ्यांत शेवटी खातो. त्याचे तळवे लाल होतात, आणि भोवतीची मंडळी तोंड चालवत म्हणतात, "आण की अजून!" माझे काका कायम हे काम स्वतःकडे ओढून घ्यायचे. लहानपणी मला त्यांची दया यायची. आता कळतं, आगटीची सगळ्यांत उबदार जागा तीच होती.

पोपटी मात्र पाहूनच घ्यावी. भात कापून झालं की रायगडातल्या खाचरांत उरलेल्या ओलीवर वाल करतात. जानेवारीच्या आसपास शेंगा भरतात, घरी पेंढा पडलेलाच असतो आणि बांधावर भांबुर्डा हे वासाचं झुडूप माजलेलं. म्हणजे सामान, सरपण आणि मसाला तिथल्या तिथे. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा. मध्ये अंडी, बटाटे, रताळी, केळीच्या पानात बांधलेली मसाला लावलेली कोंबडी. पुन्हा शेंगा, आणि तोंडाला पाला इतका घट्ट कोंबायचा की मडकं उलटं केलं तरी काही हलता कामा नये. कारण ते उलटंच ठेवायचं असतं. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. शेंगा आणि पाल्याच्या अंगच्या वाफेवर सगळं शिजतं. भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून अर्धा-पाऊण तास जाळ. झालं का बघायला मडक्यावर पाणी शिंपडायचं. चुर्र होऊन लगेच उडालं की काढा. ही परीक्षा कोण घेणार यावरून आमच्याकडे दरवर्षी भांडण होतं, आणि दोन्ही बाजूंना साठी उलटलेले लोक असतात.

मे महिन्यात हेच सगळं करून बघा, जाळापाशी कुणी पाच मिनिटं टिकणार नाही. थंडी हवीच. थंडीमुळे माणसं जवळ सरकतात, उठून जात नाहीत, आणि भूक तर अशी लागते की करपलेलं रताळंही चालतं.

किल्ल्यावरच्या मुक्कामाला मात्र मी जाळ करत नाही, आणि यावर माझी बऱ्याच जणांशी वादावादी झाली आहे. हरिश्चंद्रगड, रतनगड, कळसूबाई हा सगळा अभयारण्याचा भाग. डिसेंबरात माथ्यावरचं गवत वाळून कडकडीत झालेलं असतं, वर वारा. एक ठिणगी पुरते. तिथे छोटा गॅस स्टोव्ह न्यावा आणि खिचडी टाकावी, नाहीतर गावकऱ्यांच्या झापात, म्हणजे झोपडीत, पिठलं-भाकरी सांगावी. भाकरी थापायला मदत करू का विचारलंत तर हसतील, पण चुलीजवळ बसू देतील.

थंडीच्या बाबतीत दोन-तीन गोष्टी ऐका माझ्या. अंगावर दोन पांघरुणं घेण्यापेक्षा एक खाली घाला. ऊब ओढून घेते ती जमीन. तंबू अगदी पाण्याला लागून किंवा खोलगट जागी लावू नका, शांत रात्री गार हवा खाली उतरून तिथेच साचते. महाबळेश्वरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या गावातल्यापेक्षा वेण्णा तलावाच्याच जास्त येतात, त्या यामुळेच. तंबूच्या जाळ्या पूर्ण बंद केल्या तर श्वासाची वाफ कापडावर धरते आणि पहाटे तोंडावर टपकते. आणि निखाऱ्याची शेगडी तंबूत कधीही, कुणीही कितीही कुडकुडत असलं तरी, घ्यायची नाही. निखाऱ्यातून निघणारा विषारी वायू वासाने कळत नाही. झोपेत माणूस जातो.

डिसेंबरच्या १३-१४ तारखेला मिथुन राशीतला उल्कावर्षाव भरात असतो. चंद्र नसेल त्या वर्षी जेवण उरकून आडवे व्हा. मृग, त्याच्या पोटातला बाण आणि मागे चमचमणारा व्याध पोरांना दाखवा. आमच्याकडे पोरांना त्यापेक्षा राखेत विसरलेलं रताळं शोधण्यात जास्त रस असतो, तेही ठीक आहे.

जानेवारीत शेंगा भरल्या की सासरी पोपटी लावणार आहोत. यायचं असेल त्यांनी खाली लिहा, पण नुसतं "मी येतो" चालणार नाही. पाला तोडणार, शेंगा निवडणार की सकाळी भांडी घासणार, ते लिहा. भांड्यांच्या यादीत अजून एकही नाव नाही.