आत्याच्या फॉर्मवरच्या कोऱ्या ओळी

मागच्या महिन्यात आमची आत्या गेली. बावीस वर्षांचा मधुमेह, त्यात किडन्या गेल्या, शेवटचं वर्ष डायलिसिसवर. हॉस्पिटलच्या फॉर्म ४ वर, म्हणजे डॉक्टर मृत्यूचं कारण प्रमाणित करतात त्या कागदावर, काय लिहिलं? 'कार्डिअ‍ॅक अरेस्ट'. हृदय थांबलं. अहो, ते तर सगळ्यांचंच थांबतं!

विम्याचे मृत्युदावे तपासण्यात माझी सगळी नोकरी झाली, त्यामुळे नजर आधी तिथेच जाते. त्या रकान्याखाली 'हे कशामुळे?' विचारणाऱ्या आणखी ओळी असतात. मधुमेह, किडनी तिथे यायला हवं होतं. ओळी कोऱ्या. ड्युटीवरच्या डॉक्टरला विचारलं तर म्हणाला, "आंटीजी, इतना कौन पढ़ता है?"

वाचतात रे बाबा. १९९० च्या दशकात ख्रिस्तोफर मरे आणि अ‍ॅलन लोपेझ यांनी जगात कोण कशाने मरतं, कशाने अधू होतं याचा हिशेब मांडायला घेतला. ज्यातून काहीच कळत नाही अशा कारणांना त्या हिशेबात 'गार्बेज कोड' म्हणतात. कचरा! आणि आम्ही इंदूरवाले. दारात पिवळी गाडी आली की ओला वेगळा, सुका वेगळा, डायपरसुद्धा वेगळे. माणूस कशाने गेला ते मात्र सगळं एकाच डब्यात.

आत्याला निदान फॉर्म तरी मिळाला. झाबुआ-अलीराजपूर या आमच्याकडच्या आदिवासी जिल्ह्यांतून दावे यायचे त्यांत डॉक्टरचा कागदच नसायचा. 'ताप येऊन वारले', संपलं. २०२० मध्ये देशात नोंदवलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्क्यांचं कारण डॉक्टरने प्रमाणित केलेलं होतं. बाकीच्यांचं काय?

त्याचं उत्तर संशोधक डॉ. प्रभात झा यांच्या 'मिलियन डेथ स्टडी'ने शोधलं. माणसं घरोघर गेली, घरच्यांना विचारलं, ताप किती दिवस होता, थंडी वाजायची का, मग दोन डॉक्टरांनी वेगवेगळं वाचून कारण ठरवलं. २०१० साली निष्कर्ष आला: भारतात मलेरियाने सत्तरीच्या आत वर्षाला सुमारे २ लाख ५ हजार मृत्यू. जागतिक आरोग्य संघटनेचा तेव्हाचा अंदाज होता १५ हजार! संघटनेला हा आकडा मान्य नव्हता, घरच्यांच्या आठवणीवरून प्रत्येक ताप मलेरियाचा कसा ठरवणार, हा आक्षेप मलाही अगदीच फोल वाटत नाही. पण त्यातले ८६ टक्के कुठल्याच दवाखान्यात मेले नव्हते, ही गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. दवाखान्याच्या रजिस्टरवरून मोजलं तर ते दिसणार कुठून? जो दिसत नाही त्याच्या नावाने मच्छरदाणी तरी कोण पाठवेल?

"आकड्यांनी कुणी बरं होतं का?" असं आमच्या भिशीत ऐकवतात. नाही होत. पण २०२० मध्ये केरळात हजार जन्मांमागे ६ अर्भकं दगावली आणि आमच्या मध्य प्रदेशात ४३, हे मोजल्याशिवाय भांडायचं तरी कशाच्या जोरावर? देशाची सरासरी २८ सांगितली की दोघंही झाकले जातात.

आणि हो, जिथे नोंदच नाही तिथला आकडा मॉडेल लावून काढतात. आफ्रिकेतल्या कितीतरी देशांचं असंच आहे. ही मॉडेलं चालवणाऱ्या, मरे यांच्या सिएटलमधल्या संस्थेच्या संगणकाला नावं ठेवण्यात अर्थ नाही, ओळ कोरी आपण सोडली.

आत्याच्या त्या ओळी भरून द्या म्हणून हॉस्पिटलात अर्ज टाकलाय. पोच मिळाली. सही आहे, शिक्का आहे, तारखेची जागा कोरी.